जॅझमध्ये मनाला येईल ते वाजवतात का?

सांगलीच्या एका वाचकांनी लिहिले आहे : "माझी मुलगी सतरा वर्षांची असून आठ वर्षे बासरी शिकत आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण झाली आहे आणि विशारदची तयारी सुरू आहे. गेल्या वर्षभरात तिला मोबाइलवर जॅझ ऐकण्याचा नाद लागला असून आता तिला सॅक्सोफोन हवा आहे. गुरुजी नाराज आहेत. फुंक आणि सूर दोन्ही बिघडतील, असे ते म्हणतात. आमच्या घरात या संगीताची काहीच परंपरा नाही. मला तर त्यात प्रत्येक जण मनाला येईल ते वाजवतो आहे असे वाटते, मग शिकायचे काय हेच कळत नाही. आमची सोसायटी दाटीवाटीची आहे, सांगलीत शिक्षक मिळणे कठीण आहे, आणि जॅझवाल्यांच्या व्यसनांविषयी वाचलेले मनातून जात नाही. काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

आपण बरेच प्रश्न एकत्र विचारले आहेत, पण त्यांतला मुख्य प्रश्न आपण ओझरताच विचारला आहे : या संगीतात शिकायचे काय? त्याचे उत्तर हाती आले की वाद्य कोणते घ्यावे, गुरुजींना काय सांगावे आणि बासरी ठेवावी की सोडावी, हे ठरवणे बरेच सोपे होते. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

प्रत्येक जण मनाला येईल ते वाजवतो, हे आपले मत चुकीचे असले तरी अकारण नाही. रागसंगीत ऐकून तयार झालेल्या कानाला दोन आधार लागतात. एक म्हणजे तंबोऱ्यातला न हलणारा षड्ज, आणि दुसरा म्हणजे विस्तार कितीही लांब गेला तरी ऐकणाऱ्याला पुन्हा समेवर आणून सोडणारा बंदिशीचा मुखडा. जॅझमध्ये हे दोन्ही आधार बहुधा नसतात. मूळ चाल सुरुवातीला एकदा-दोनदा वाजते आणि मग थेट शेवटीच परत येते. मधल्या वेळात सॅक्सोफोन, ट्रम्पेट, पियानो असे एकेक वादक पाळीपाळीने जे वाजवतात, त्यात ती चाल शोधूनही सापडत नाही. अशा वेळी रागसंगीताच्या रसिकाला हा सगळा स्वैर कारभार वाटला तर त्यात नवल नाही.

परंतु चाल थांबली तरी तिच्याखालची मांडणी थांबलेली नसते. प्रत्येक चालीला कॉर्डची, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या तीन-चार स्वरांच्या समूहांची, एक ठरलेली मालिका असते, आणि ही मालिका ठरावीक मात्रांत पूर्ण होऊन आपल्या तालाच्या आवर्तनाप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. चार मात्रांचा एक बार धरला, तर ब्लूजचे, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गाण्यांतून आलेल्या प्रकाराचे, नेहमीचे आवर्तन १२ बारचे, म्हणजे ४८ मात्रांचे होते. ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या संगीत-नाटकांच्या, जुन्या गाण्यांवरून घेतलेले आवर्तन बहुधा ३२ बारचे, म्हणजे १२८ मात्रांचे असते. अशा एका आवर्तनाला जॅझवाले कोरस म्हणतात. बास वाजवणारा बहुतेक वेळा प्रत्येक मात्रेला एक स्वर देत ही मालिका पुढे नेत असतो, पियानोवाला तिच्यातले कॉर्ड मधूनमधून देत राहतो, आणि एकल वादन करणारा आपण या क्षणी मालिकेत नेमके कुठे आहोत, हे ओळखून पुढचा स्वर निवडतो. ही मालिका ज्याला ऐकू येत नाही त्याला फक्त वरचे वादन ऐकू येते, आणि मग ते निराधार वाटते.

चालीपेक्षा या मालिकेला किती महत्त्व आहे, याचा एक पुरावा देतो. जॉर्ज गर्श्विन यांनी १९३० साली रचलेल्या 'आय गॉट ऱ्हिदम' या गाण्याची मालिका जॅझवादकांनी उचलली आणि तिच्यावर इतक्या नव्या चाली बसवल्या की तिला 'ऱ्हिदम चेंजेस' असे स्वतंत्र नावच पडले. आल्टो सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांनी १९४५ साली ध्वनिमुद्रित केलेले 'को-को' हे वादन 'चेरोकी' या गाण्याच्या मालिकेवर उभे आहे. त्यात 'चेरोकी'ची चाल ऐकायला गेलो तर ती मिळत नाही, तिचे कॉर्ड मात्र क्रमाने, आणि दमछाक करणाऱ्या लयीत, येत राहतात. मालिकेचा एवढा बंदोबस्त असलेल्या संगीताला मनमानी म्हणता येणार नाही.

हे नुसते वाचून पटण्यासारखे नाही. आपल्या घरात पेटी असेल, तर कन्येच्या बासरीचा जो षड्ज असेल तोच पेटीवर धरून एक प्रयोग करावा. पहिले चार बार सा, ग, प आणि कोमल नी हे चार स्वर एकत्र दाबावेत. पुढचे दोन बार म, ध, वरचा सा आणि कोमल ग. मग दोन बार पुन्हा पहिला समूह. नवव्या बारमध्ये प, नी, रे, म. दहाव्यात मध्यमाचा तोच समूह. आणि शेवटचे दोन बार पुन्हा षड्जाचा. ही झाली ब्लूजची मालिका, आणि न्यू ऑर्लिन्सपासून आजपर्यंतच्या जॅझमधला फार मोठा भाग याच १२ बारवर उभा आहे.

आता या स्वरांकडे नीट पाहावे. पहिल्या समूहात गंधार शुद्ध आहे, मध्यमाच्या समूहात तो कोमल होतो. पहिल्या समूहात निषाद कोमल आहे, पंचमाच्या समूहात शुद्ध. म्हणजे ४८ मात्रांत दोन्ही गंधार आणि दोन्ही निषाद येऊन जातात. आपल्याला लगेच जयजयवंती आठवेल, आणि ती आठवणे उपयोगाचे आहे, कारण फरक तिथेच स्पष्ट होतो. जयजयवंतीत कोणता गंधार केव्हा घ्यायचा, हे रागाचे चलन ठरवते. आरोही संगतीत कोणता, अवरोही संगतीत कोणता, हे गुरुमुखातून कळते. ब्लूजमध्ये कोणता गंधार घ्यायचा, हे आपण कितव्या बारमध्ये आहोत यावरून ठरू लागते. पाचव्या बारमध्ये खालचा समूह बदललेला असताना वादक शुद्ध गंधारावरच रेंगाळत राहिला, तर तो ऐकत नाही, हे तिथल्या जाणकारांना तत्काळ समजते. त्यातही एक मेख आहे. मूळच्या कृष्णवर्णीय ब्लूज गायकांनी षड्जाच्या समूहावरसुद्धा कोमल गंधार, किंबहुना कोमल आणि शुद्ध यांच्या मधला कुठलासा गंधार लावण्याची रीत घातली, आणि त्या घर्षणातच ब्लूजची चव आहे. त्यामुळे "या बारला हा स्वर" असा तक्ता पाठ करूनही भागत नाही. कोमल ग आणि कोमल नी घेतलेली ब्लूजची पाच स्वरांची पट्टी कागदावर धानीसारखी दिसते, परंतु तिथे धानी वाजवली तर ब्लूज होत नाही, हे कन्येला आधीच सांगून ठेवावे. बासरीवाल्यांना हा मोह हमखास होतो.

तेव्हा शिकायचे काय, या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. आपल्या कन्येला बदलते कॉर्ड ऐकायला शिकायचे आहे. बाकी बहुतेक सामग्री तिच्याजवळ आहे. आठ वर्षांच्या तालमीने तिला सूर ओळखता येतो, ऐकलेली जागा लगेच वाजवता येते, आवर्तन मनात चालू ठेवून वर विस्तार करता येतो, आणि कागद न बघता अर्धा तास वाजवण्याची भीती वाटत नाही. पाश्चात्त्य पद्धतीने केवळ नोटेशन वाचून शिकलेल्या अनेक मुलांना या गोष्टी फार कष्टाने मिळवाव्या लागतात. मात्र तिने आजवर एकाच षड्जावर उभे राहून संगीत केले आहे. खाली आधार बदलतो आहे आणि आपण धरलेला तोच स्वर त्यामुळे वेगळा लागतो आहे, हा अनुभव तिच्या शिक्षणात आलेला नाही, आणि तो आल्यावाचून सॅक्सोफोन कितीही चांगला असला तरी तिच्या हातून जॅझ होणार नाही.

लयीविषयी थोडक्यात सांगतो. आपण पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर टाळी देऊ. जॅझचा कान दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो, ड्रमवाल्याच्या डाव्या पायाखालची झांज तिथेच मिटते. शिवाय मात्रेचे दोन भाग केले तर ते सारखे पडत नाहीत, पहिला लांब आणि दुसरा आखूड पडतो, आणि ते प्रमाण लयीनुसार बदलते. यालाच स्विंग म्हणतात. ते ऐकूनच अंगात मुरते.

आता वाद्य. कन्येने सॅक्सोफोन निवडला, यात तिचा कान असो वा योगायोग, निवड फार सोयीची झाली आहे. अॅडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये या वाद्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे असले तरी स्वर वेताच्या पट्टीतून, म्हणजे रीडमधून निघतो, त्यामुळे ते बासरी आणि क्लॅरिनेट यांच्या कुळातले आहे. बोटांची मांडणी पाहिली तर आपल्याला आश्चर्य वाटेल. बासरीवर वरची तीन छिद्रे बंद केली की षड्ज, दोन बंद केली की रिषभ, एक बंद केले की गंधार, सगळी उघडी ठेवली की तीव्र मध्यम, आणि सहाही बंद केली की मंद्र पंचम मिळतो. सॅक्सोफोनवर डाव्या हाताची तीन बोटे दाबून येणारा स्वर षड्ज मानला, तर दोन बोटांनी रिषभ, एकाने गंधार, सगळी उचलली की तीव्र मध्यम आणि सहा बोटांनी मंद्र पंचम हेच येतात. पाच बोटांचा धैवतही जुळतो. फरक निषादात आहे : बासरीवर चार छिद्रे बंद केली की शुद्ध निषाद मिळतो, इथे चौथे बोट म्हणून उजव्या हाताची तर्जनी दाबली तर कोमल निषाद येतो आणि शुद्धासाठी तिच्याऐवजी मधले बोट दाबावे लागते. दोन्ही वाद्यांत वरचे सप्तक त्याच बोटांनी मिळते, सॅक्सोफोनला त्यासाठी अंगठ्याखाली एक कळ असते. क्लॅरिनेट घेतला असता तर ही सोय राहिली नसती, कारण त्यात वरच्या सप्तकासाठी बोटांचा हिशोब बदलतो.

सॅक्सोफोनच्या प्रकारांपैकी आल्टो घ्यावा. त्याचे वजन अडीच किलोच्या आसपास असते, टेनर त्याहून जड असतो आणि त्याला फुंकही जास्त लागते. सोप्रानो सरळ आणि सनईसारखा दिसतो म्हणून अनेकांना भुरळ घालतो, परंतु तो सुरात ठेवणे नवशिक्याला सर्वांत अवघड जाते, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये. आल्टोवर तीन बोटांचा तो स्वर पेटीवरच्या काळी पाचला मिळतो, एवढे लक्षात ठेवले की घरी पेटीबरोबर मेळ घालता येईल. रीड दोन किंवा अडीच क्रमांकाची पुरे. नामांकित कंपनीचे विद्यार्थ्यांसाठीचे वापरलेले वाद्य जाणकाराकडून तपासून घेणे, हे अनोळखी बनावटीचे नवे चकचकीत वाद्य घेण्यापेक्षा बरे. कळांखालच्या गाद्या नीट बसत नसतील तर खालचे स्वर निघतच नाहीत, आणि मुलीला वाटते की दोष आपल्या फुंकेत आहे.

बासरीवरच जॅझ का नको, असे गुरुजी विचारतील. अशक्य नाही, परंतु बांबूच्या बासरीवर बारा स्वरांपैकी अनेक स्वर अर्धे छिद्र दाबून काढावे लागतात, आणि दर दोन मात्रांना आधार बदलणाऱ्या मालिकेत ते द्रुत लयीत स्वच्छ काढणे फार थोड्यांना साधते.

गुरुजींच्या दोन आक्षेपांपैकी फुंकेचा आक्षेप अर्धा खरा आहे. बासरीत ओठांच्या फटीतून हवा तिरकी सोडायची असते. सॅक्सोफोनमध्ये खालचा ओठ दातांवर दुमडून त्यावर रीड टेकवायची आणि वरचे दात वाद्याच्या तोंडात धरायच्या टोकावर, म्हणजे माउथपीसवर, ठेवायचे. तासभर सॅक्सोफोन वाजवल्यावर खालचा ओठ बधिर होतो आणि त्यावर लगेच बासरी घेतली तर स्वर फुटतो. म्हणून रियाजात बासरी आधी आणि सॅक्सोफोन नंतर, आणि दोहोंत काही वेळ जाऊ द्यावा. पाश्चात्त्य वाद्यवृंदांत एकाच वादकाने सॅक्सोफोन आणि फ्लूट दोन्ही वाजवणे ही रोजची गोष्ट आहे. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदातले फ्रँक वेस दोन्ही वाद्यांसाठी नावाजले गेले. सुराच्या आक्षेपातही तथ्य आहे. पियानोचा शुद्ध गंधार आपल्या तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, आणि रोज त्याच्याच संगतीत वाजवले तर कान तिकडे झुकू शकतो. यावर उपाय साधा आहे : सकाळचा तंबोऱ्यावरचा रियाज एकही दिवस चुकवायचा नाही. विशारदही तिने पूर्ण करावी. ते अर्धवट सोडले तर तिच्याजवळची जी शिदोरी मी वर मोजली, तीच कमी पडेल.

एका गोष्टीपासून मात्र तिला काही वर्षे दूर ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते सर्वांना पटणार नाही. बासरी येणाऱ्या मुलीच्या हातात सॅक्सोफोन आला की कुणीतरी तिला फ्युजनच्या कार्यक्रमात उभी करणार, ती पाच मिनिटे यमन वाजवणार, मागे ड्रम वाजणार आणि टाळ्या पडणार. त्यात वाईट काही नाही, पण त्यातून ती जॅझ शिकणार नाही. कद्री गोपालनाथ यांनी आल्टो सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीतातल्या गमका अशा उतरवल्या की ते वाद्य त्या संगीताचे होऊन गेले; परंतु ते कर्नाटक संगीतच होते, आणि त्यांची त्या संगीतातली तालीम पक्की होती. उलट बाजूने जॅझचे सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांचे पाहावे. त्यांना आपल्या संगीताची इतकी ओढ होती की १९६५ साली जन्मलेल्या मुलाचे नाव त्यांनी रविशंकर यांच्यावरून रवी ठेवले, परंतु त्याआधी कित्येक वर्षे त्यांनी कॉर्डच्या मालिका जितक्या कसून घोटल्या तितक्या फार थोड्यांनी घोटल्या असतील. तबल्याच्या तालमीतून पुढे जाऊन डॉन चेरी आणि जॉन मॅक्लॉफ्लिन या जॅझवादकांबरोबर वाजवणारे, शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू यांनीही दोन्हीकडची भाषा नीट आत्मसात केली. मिसळण्याआधी दोन पदार्थ वेगवेगळे तयार असावे लागतात.

आपल्या घरात या संगीताची परंपरा नाही, असे आपण लिहिता. १९५१ सालचा 'अलबेला' आपल्या घरात कुणीच पाहिला नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र यांनी त्याला संगीत दिले, आणि त्यांचे साहाय्यक होते चिक चॉकलेट या नावाने गाजलेले गोमंतकीय ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ, जे अमेरिकन ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांना आदर्श मानत. गोव्यातल्या चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवले जाई. ती मुले मोठी होऊन मुंबईत आली. १९३५ साली लिऑन अॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले, आणि गोमंतकीय वादकांनी हे संगीत अशा माणसांकडून थेट ऐकून उचलले. रात्री हॉटेलात आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला, असा अनेकांचा दिनक्रम होता. चित्रपटगीतांतून जॅझचा तुकडा आपल्या आजोबांच्या पिढीच्या कानावर पडला आहे, फक्त तो तुकडा होता, त्यामुळे पूर्ण कोरस कसा असतो हे कळायला वाव नव्हता.

शिक्षकाविषयी. फुंक, ओठ आणि बोटे यांसाठी पहिले काही महिने समोर बसलेला माणूस हवाच, आणि तो सांगली-मिरजेत मिळू शकेल. लग्नाच्या बँडपथकांतून सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवणारे अनुभवी वादक असतात. त्यांना रीड कशी घासावी, गादी कशी बदलावी, भर उन्हात वाद्य कसे सांभाळावे, हे सगळे ठाऊक असते. आपल्याकडे त्यांना मानाने वागवण्याची पद्धत नाही, हे दुर्दैव आहे. रीतसर फी ठरवून, सर म्हणून त्यांच्याकडे पाठवावे. कॉर्डच्या मालिकांसाठी दुसरा शिक्षक लागेल, आणि तो मुंबई, पुणे किंवा गोव्यातला, ऑनलाइन शिकवणारा चालेल. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण मिळते, आणि मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात जॅझच्या मैफली होतात; सुटीत एखादी मैफल तिला प्रत्यक्ष दाखवावी. बास आणि ड्रम एकमेकांकडे कसे बघत वाजवतात, हे मोबाइलवर दिसत नाही.

शेजाऱ्यांची काळजी रास्त आहे, कारण सॅक्सोफोनचा आवाज बासरीच्या कितीतरी पट मोठा असतो. तोंडात कापड कोंबण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये; स्वर बहुतांशी उघड्या छिद्रांतून बाहेर पडतो, त्यामुळे कापडाने आवाज फारसा कमी होत नाही, खालचे स्वर तेवढे बिघडतात. कपड्यांनी भरलेल्या कपाटाकडे तोंड करून, दुपारी ठरलेल्या एकाच वेळी वाजवावे आणि ती वेळ शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावी. शाळा सुटल्यावर एखादा वर्ग मिळाला तर फारच उत्तम. ही अडचण थोरांनाही चुकलेली नाही. चार्ली पार्कर यांनी १९५४ साली एका मुलाखतीत सांगितले की तीन-चार वर्षे आपण रोज किमान ११ ते १५ तास रियाज करत होतो, आणि त्यापायी शेजाऱ्यांनी आईला घर सोडायला सांगण्याची धमकी दिली होती. सनी रोलिन्स तर १९५९ ते १९६१ या काळात न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन टेनर वाजवत, कारण घरी वाजवले की शेजाऱ्यांना त्रास होई. आपल्या कन्येने आयर्विन पुलावर उभे राहावे, असे मी सुचवत नाही.

व्यसनांचा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. पार्कर यांचे १९५५ साली वयाच्या ३४व्या वर्षी निधन झाले, आणि त्यात हेरॉइन आणि मद्य यांचा वाटा होता. त्यांच्यासारखे वाजवायचे तर त्यांच्यासारखे जगावे लागते, अशा भ्रमात पुढच्या पिढीतले कितीतरी तरुण वादक वाया गेले. परंतु याची कारणे स्वरांत शोधू नयेत. हे संगीत घडवणारे बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते. हार्लेमच्या कॉटन क्लबमध्ये ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद वाजवी, पण त्यांच्या वर्णाच्या माणसाला तिथे प्रेक्षक म्हणून बसता येत नसे. कामाची जागा रात्रीचा मद्याचा क्लब, मोबदला बेभरवशाचा, आणि प्रवासात हॉटेलची खोलीसुद्धा मिळेल याची खात्री नाही, अशा परिस्थितीत अमली पदार्थ विकणारे दाराशीच उभे असत. त्याच काळात ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन व्यसनांपासून पूर्ण दूर राहिले आणि त्यांच्या वादनावर समकालीनांनी जीव टाकला. १९५६ साली मोटार अपघातात ते गेले तेव्हा त्यांचे वय २५ होते. कोल्ट्रेन यांनी १९५७ साली व्यसन सोडले आणि त्यांचे सर्वांत मोठे काम त्यानंतरचे आहे. सांगलीत आईवडिलांच्या घरी राहून आल्टो शिकणाऱ्या मुलीला यातले काही लागू होत नाही. पुढे ती या व्यवसायात गेली, तर कामाची ठिकाणे आणि वेळा यांचा विचार तेव्हा करावा लागेल. तूर्त तिने महाविद्यालयीन शिक्षण चालू ठेवावे, कारण या वाद्यावर पूर्ण संसार चालवणारे वादक आपल्या देशात मोजकेच आहेत.

ऐकण्याचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि मोबाइल तो क्रम बिघडवतो. पार्कर यांच्यापासून सुरुवात करू नये. १९२८ सालचे लुई आर्मस्ट्राँग यांचे 'वेस्ट एंड ब्लूज' घ्यावे. एकट्या ट्रम्पेटच्या सुरुवातीनंतर १२ बारची तीच मालिका सुरू होते, आणि पेटीवर ती वाजवून पाहिलेल्या माणसाला ती मोजता येते. त्यानंतर १९३६ पासून काउंट बेसी यांच्या संगतीत वाजवणारे टेनरवादक लेस्टर यंग. त्यांचे वाक्य मोकळे, गाता येण्यासारखे असते. पार्कर स्वतः तरुणपणी यंग यांची एकल वादने तबकड्यांवरून उतरवून शिकले. मग ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांची १९५९ सालची 'काइंड ऑफ ब्लू' ही तबकडी. त्यातले 'सो व्हॉट' आपणही ऐकावे, कारण त्याचे स्वर काफीचे आहेत आणि आपल्याला ते परके वाटणार नाही. १६ बार षड्ज एका जागी राहतो, मग आठ बार तो अर्ध्या स्वराने वर सरकतो आणि शेवटचे आठ बार पुन्हा खाली येतो. तो सरकण्याचा क्षण आपल्याला दर वेळी पकडता आला, तर मनाला येईल ते वाजवतात, ही शंका आपोआप मिटेल. शिवाय त्यात कोल्ट्रेन यांचा टेनर आणि कॅननबॉल अॅडर्ली यांचा आल्टो लागोपाठ ऐकायला मिळतो, त्यामुळे दोन वाद्यांच्या आवाजातला फरक कन्येला दुकानात जाण्याआधीच कळेल.

वाद्य मात्र लगेच घेऊ नका. आधी तिने पेटीवरची ती १२ बारची मालिका अशी बसवावी की पेटी बंद करून, हाताने दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी देत, प्रत्येक समूहाचा मूळ स्वर तिला न चुकता गाता येईल. त्यानंतर लेस्टर यंग यांचा कोणताही एक कोरस तिने तोंडपाठ करून ध्वनिमुद्रणाबरोबर गाऊन दाखवावा, लयीतल्या बारकाव्यांसकट. बासरीच्या तालमीतून आलेल्या मुलीला याला दोन-तीन महिने पुरावेत. हे झाले की सॅक्सोफोन आणावा, आणि गुरुजींच्या कानावर ही गोष्ट तो घरात येण्याआधी, आपण स्वतः त्यांच्याकडे जाऊन घालावी. जमल्यास तो कोरस तिने त्यांच्यासमोरही गावा.